वाघ सरकारचा, जागल कास्तकाराची

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी वर्धा जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात, सिंदीविहिरीच्या शिवारात, एक तरुण वाघीण तारेला चिकटून मेली. तिच्यामागे सरकारचे नेमबाज बंदुका घेऊन हिंडत होते. गोळी घालण्याचा आदेश निघाला होता, त्याला आव्हान दिले गेले होते आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो आदेश नुकताच कायम ठेवला होता. न्यायालय, वनखाते, नेमबाज, वन्यजीवप्रेमी या साऱ्यांची धावपळ शेताच्या धुऱ्यावरच्या एका तारेने संपवली. तार लावली होती रानडुकरांसाठी. सरकारने सुटकेचा निःश्वास टाकला, पंचनामा झाला आणि फाईल कपाटात गेली. ती फाईल आम्ही आज पुन्हा उघडतो आहोत, कारण तिच्यात वाघिणीविषयी थोडे आणि आमच्या राज्यकारभाराविषयी फार लिहिलेले आहे.

ही वाघीण इथली नव्हतीच. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीची. तिथे तिच्या हल्ल्यात माणसे गेली, लोक पेटून उठले, तेव्हा जुलैत तिला बेशुद्ध करून पकडले, गळ्यात रेडिओ कॉलर अडकवली आणि वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्रप्रकल्पात आणून सोडले. माणसे मारली म्हणून जे जनावर ब्रह्मपुरीच्या लोकांना नको होते, ते वर्ध्याच्या लोकांना कसे चालेल, हा प्रश्न कोणाला पडला होता काय? पडला असेल तर तो विचारायला कोण कोणत्या गावात गेले? कोणत्या ग्रामसभेचा ठराव घेतला? वाघीण बोरमध्ये टिकली नाही. आष्टी, कारंजा, वरूड असा मुलूख तुडवत ती अडीच महिन्यांत पाचशेच्या आसपास किलोमीटर चालली. वाटेत आणखी माणसे मेली. गळ्यातली कॉलर तिचा ठावठिकाणा उपग्रहाकडून वनखात्याच्या कार्यालयात पोचवत होती. त्याच वेळी पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र जनावर आपल्या तासात आहे की शेजारच्या, हे सांगणारे कोणी नव्हते. विज्ञानाची धाव कार्यालयापर्यंत आणि मरणाची धाव शेतापर्यंत, अशी ही व्यवस्था आहे!

बोर म्हणजे काय, हे मुंबईत बसून ठरवणाऱ्यांनी एकदा नकाशा समोर घेऊन पाहावे. सातपुडा दक्षिणेकडे उतरत येतो आणि वर्धा-नागपूरच्या सीमेवर टेकड्यांच्या रांगा मागे ठेवतो. त्या रांगांवर साग आहे, ऐन आहे, मोह आणि तेंदू आहे, नाल्याकाठी बांबूची बेटे आहेत. मध्ये बोर नदी आणि तिच्यावरचे धरण. वाघाबरोबर इथे बिबट, अस्वल, रानकुत्रे, सांबर, चितळ, चौसिंगा राहतात. १९७० साली याचे अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. गाभाक्षेत्र १३८ चौरस किलोमीटर. जाहीर झाला तेव्हा तो देशातला सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प होता. मध्य भारतात एका वयात आलेल्या नर वाघाचा फेरा सहज पन्नास-शंभर चौरस किलोमीटरचा होतो. म्हणजे बोरमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बच्च्याच्या नशिबी दोन वर्षांनी बाहेर पडणे लिहिलेले आहे. बाहेर म्हणजे कुठे? कोणाच्या तरी संत्र्याच्या बगिच्यात, कोणाच्या तरी तुरीत. बोरचा वाघ जगतो तो या गाभ्याच्या जिवावर नव्हे. भोवतीच्या ६७८ चौरस किलोमीटर बफरमध्ये आणि त्याही पलीकडच्या शिवारात राहणारी माणसे त्याला सहन करतात, म्हणून तो जगतो. त्या सहन करण्याची सरकारदरबारी किंमत काय, तर माणूस मेल्यावर वारसांना २५ लाख रुपये. जिवंतपणी काय? जिवंतपणी अर्ज, पंचनामा, सातबारा, बँकेचे पासबुक आणि पुढच्या आठवड्यात या!

आता विजेबद्दल बोलू. हा विषय वन्यजीवांवरच्या चर्चासत्रात निघत नाही. आम्हाला मात्र बोरच्या भोवतालचे निम्मे दुःख याच एका तारेला बांधलेले दिसते.

विदर्भातल्या कास्तकाराला ओलितासाठी वीज पाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभरा, गहू, संत्रा यांचे ओलीत डिसेंबर-जानेवारीतले. थंडी अंगात शिरते त्या वेळी, मध्यरात्री, हातात बॅटरी घेऊन माणूस पंप सुरू करायला आणि पाणी फिरवायला विहिरीवर जातो. वाघ, बिबट आणि अस्वल निघतात ती वेळही तीच. ही दोन पावले एकाच धुऱ्यावर आणण्याची तजवीज महावितरणच्या वेळापत्रकाने केलेली आहे. मग हल्ला झाला की वनखाते सल्ला देते : रात्री शेतात एकटे जाऊ नका. अहो, वीज रात्रीची देता तुम्ही आणि जाऊ नका म्हणताही तुम्ही! एका खात्याने माणसाला अंधारात ढकलायचे आणि दुसऱ्याने त्याला अंधारात गेल्याबद्दल दोष द्यायचा, हा खेळ किती वर्षे चालणार? दिवसा वीज देण्यासाठी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीच जाहीर झाली. ज्या वर्षी ती वाघीण मेली, तेच हे वर्ष. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. आमचा सवाल एवढाच, की या योजनेत व्याघ्रप्रकल्पांच्या बफरमधली गावे पहिल्या क्रमांकावर का नाहीत? कारखान्याला चोवीस तास अखंड वीज देण्याचा शब्द सरकार पाळू शकते, तर वाघाच्या वाटेवरच्या कास्तकाराला दिवसाचे आठ तास वीज देण्याचा शब्द का देऊ शकत नाही?

याच विजेचे दुसरे तोंड धुऱ्यावरच्या तारेत आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर भुईमूग उकरून टाकतो, रोही उभ्या तुरीचे शेंडे खुडून नेतात. रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवणे, फटाके फोडणे, ओरडणे याला आमच्याकडे जागल म्हणतात. पेरणीपासून काढणीपर्यंत घरातला एक माणूस या जागलीला वाहिलेला असतो. ती मजुरी कोणत्या हमीभावात धरली जाते? ती कुठेच धरली जात नाही. कापसाचे आणि सोयाबीनचे भाव ठरवणाऱ्यांना हा खर्च ठाऊकच नाही. सलग महिनाभर न झोपलेला माणूस मग एके दिवशी खांबावर आकडा टाकतो आणि तारेत थेट करंट सोडतो.

इथे आमच्या कास्तकार बांधवांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत, नाहीतर हा अग्रलेख खुशामतीचा होईल. तारेत थेट करंट सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याहून मोठे म्हणजे ते पाप आहे. या तारेने वाघ मरतो तसा शेजाऱ्याचा बैल मरतो, पहाटे परसाकडे निघालेला पोरगा मरतो. विदर्भात अशा तारांनी माणसे मारल्याच्या बातम्या आम्ही दर हंगामात छापतो. नुकसान झाले म्हणून जिवावर उठण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. झटका मशीन आहे. तिचा धक्का क्षणाचा असतो, जनावर हुसकले जाते, मरत नाही. ती घ्यावी. ती घेण्याची ऐपत नसेल तर गावाने मिळून सरकारच्या छाताडावर बसून घ्यावी. जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे, तिच्यात अशा कामांना पैसा आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दारूच्या पेट्या उतरतात तेव्हा जी एकी दिसते, ती सामूहिक कुंपणाच्या अर्जावर सह्या करताना कुठे जाते?

पण तारेवर गुन्हा दाखल करून वनखात्याची सुटका होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा बफर म्हणजे काय हे संसदेने स्वच्छ लिहून ठेवले. बफर म्हणजे माणूस आणि वन्यजीव यांनी एकत्र नांदण्याचा प्रदेश. तिथल्या लोकांच्या उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क मान्य करून आणि ग्रामसभेशी सल्लामसलत करून त्याची हद्द ठरवायची. त्याच वर्षीचा वनहक्क कायदा तर याहून पुढे गेला. गावाच्या परंपरागत जंगलाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली हा हक्क मिळवला आणि स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. बोरच्या बफरमधल्या किती गावांना हे ठाऊक आहे? किती तलाठ्यांनी, किती वनरक्षकांनी, आमच्याकडच्या भाषेत किती नाकेदारांनी, हा कायदा गावाला वाचून दाखवला? कायदा मंजूर झाला, पण तो गावात पोचू नये याची काळजी मात्र सगळ्यांनी मिळून घेतली. २८ मार्च २०१७ रोजी तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने गाभाक्षेत्रात वनहक्क देणेच थांबवा असे फर्मान काढले. संसदेचा कायदा एका पत्राने गोठवला! वर्षभर ओरड झाली, मग मार्च २०१८ मध्ये ते मागे घेतले गेले. जून २०२४ मध्ये पुन्हा पत्र निघाले : देशातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात अजून ५९१ गावे आणि ६४ हजार ८०१ कुटुंबे आहेत, त्यांचे पुनर्वसन लवकर करा.

पुनर्वसनाला आमचा सरसकट विरोध नाही, हेही सांगून टाकतो. गाभ्यात रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळेत मास्तर टिकत नाही, पोरीला स्थळ येत नाही; तिथली माणसे खुशीने बाहेर यायला तयार झाली तर त्यांना कोणी अडवू नये. मोकळ्या झालेल्या शेतांवर गवत वाढते, चितळ येतात, मागोमाग वाघ येतो. मध्य भारतात हे अनेक ठिकाणी दिसले आहे. पण कायद्यात ‘स्वेच्छेने’ असे लिहिले आहे. आधी चराई बंद, मोहफूल बंद, रस्त्याची दुरुस्ती बंद करून जगणे मुश्किल करायचे आणि मग अर्जावर अंगठा घ्यायचा, याला स्वेच्छा म्हणत असाल तर सावकारी कर्जाच्या कागदावरचा अंगठाही स्वेच्छेचाच म्हणावा लागेल. प्रत्येक कुटुंबामागे दहा लाखांचे आता पंधरा लाख झाले. सेलूत किंवा हिंगण्यात रस्त्याकडेला एक एकर ओलिताची जमीन या पैशात येते का, हे ज्यांनी आकडा ठरवला त्यांनी बाजारात जाऊन विचारावे.

आणि आता गवळ्यांकडे येतो, कारण वर्धा जिल्ह्याला सर्वांत जास्त लाज वाटावी अशी गोष्ट तिथे आहे.

बोरच्या आसपास, कारंजा-आर्वी-आष्टीच्या डोंगराळ भागात नंद गवळी समाजाची गावे आहेत. पांढरी, राखाडी, चपळ अंगाची गवळाऊ ही या मातीतली गाय. हिचे बैल धावण्यात असे पटाईत, की भोसल्यांच्या फौजेच्या हलक्या गाड्यांना हीच जात जुंपली जायची असे सांगतात. गवळाऊ गोठ्यात बांधून ढेप-सरकीवर वाढणारे जनावर नव्हे. पावसाळ्यात डोंगर चढणारी, मारवेल-पवन्या हुंगून निवडणारी, गुराख्याच्या हाकेवर परतणारी ही गाय आहे. जंगलातली चराई काढून घ्या, की गवळाऊ संपली. चराईबंदी, सागाची लागवड, संपत चाललेली गवताळ राने आणि संकराच्या जर्सीचा सरकारी सोस या चौघांनी मिळून तिला या अवस्थेला आणले आहे. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. पण कुंपणाआड कळप राखल्याने गवळी राखला जात नाही, आणि गवळ्यावाचून गवळाऊ म्हणजे नुसता नमुना.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केले. त्या निर्णयात विदर्भाची म्हणून गवळाऊचे नाव मानाने घेतलेले आहे. वा! राज्यमातेने जंगलाच्या हद्दीत तोंड घातले की तिच्या राखणदारावर दंड! ही कसली मातृभक्ती? कागदावर तिच्या पायावर डोके ठेवायचे आणि रानात तिच्या पाठीत काठी घालायची? हाच जिल्हा, जिथे जमनालाल बजाजांनी आपले अखेरचे दिवस गोपुरीतल्या झोपडीत राहून गोसेवेला वाहिले. हाच जिल्हा, जिथे गांधीजी १९३६ साली शेगावात येऊन राहिले आणि त्या खेड्याचे सेवाग्राम झाले. आम्ही सेवाग्रामची झोपडी पाहुण्यांना दाखवतो, तिच्यासमोर फोटो काढतो, गोरस भांडारातला गोरसपाक खातो आणि कारंज्याचा गवळी कोणत्या पावतीवर सही करतो आहे याची चौकशीही करत नाही. गांधींचे नाव सांगून जगणाऱ्या जिल्ह्याने खेड्याच्या हक्काबद्दल असे मुके बसावे?

आणि इथेही कायदा गवळ्याच्या बाजूने आहे! वनहक्क कायद्यात चराईचा हक्क, एका गावी राहणाऱ्यांचा आणि फिरत्या पशुपालकांचाही, शब्दशः नोंदलेला आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वहिवाटीचा पुरावा लागतो. गवळ्याची वहिवाट पायवाटेत असते, पाणवठ्याच्या नावात असते, म्हाताऱ्याच्या तोंडी असते. नियमांनी वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा म्हणून धरली आहे. कार्यालयातला बाबू मात्र ब्रिटिशांच्या शिक्क्याचा कागद मागतो. इंग्रजांनी रान बळकावले, त्याच इंग्रजांच्या कागदाशिवाय रान परत मिळू नये, हा न्याय!

रानातून माणूस वजा करण्याचा हा साचा आला कुठून? १८७२ साली अमेरिकेने यलोस्टोनला राष्ट्रीय उद्यान केले. जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या, औषधी गोळा करणाऱ्या शोशोनी आणि इतर लोकांना बाहेर घालवले आणि ‘माणूस नसलेला निसर्ग’ अशी समजूत जगभर पसरवली. नऊ हजार चौरस किलोमीटरवर निदान जनावरांना तरी फिरायला जागा उरली. आम्ही तो साचा उचलून १३८ चौरस किलोमीटरवर ठोकला. एवढ्याशा जागेत माणूस वजा करून वाघ वाचत नाही. तो भोवतालच्या माणसांच्या राजीखुशीने वाचतो. ज्यांची राजीखुशी हवी त्यांनाच उपरे ठरवायचे, ही आमच्या वनधोरणाची अक्कल.

रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यांची हकीकत सगळ्यांसमोर आहे. उत्तरेला नागपूर-अमरावती महामार्ग, दक्षिणेला समृद्धी, मध्ये बोर. त्याच २०१७ च्या डिसेंबरात बोरचा बाजीराव नावाने ओळखला जाणारा नर वाघ बाजारगावजवळ गाडीच्या धडकेने मेला. ऑक्टोबरात तारेने एक, डिसेंबरात रस्त्याने एक. समृद्धीवर जनावरांसाठी भुयारी मार्ग आणि पूल बांधले, ते चांगलेच केले; जुन्या महामार्गावर तेच करायला काय अडचण आहे? पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा यांच्याशी बोरचा धागा तुटला, की उरलेले वाघ आपसांतच वीण होऊन दुबळे होत जातील आणि मग आपण पुन्हा कोठून तरी जनावर पकडून आणू, पुन्हा कोणाच्या तरी शिवारात सोडू.

आमच्या शहरी वाचकांनाही विसरलेलो नाही. शनिवारी वाघ ‘बघायला’ यायचे, जिप्सीत बसून मोबाइल उगारायचा, दिसला नाही तर गाईडवर चिडायचे, धरणाच्या कडेला दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटल्या फोडून परत जायचे! नागपूर-वर्ध्याच्या सुशिक्षितांचे वन्यजीवप्रेम ते हेच. वाघीण मेली तेव्हा मेणबत्त्या पेटल्या. त्या वाघिणीने मारलेल्या मजुराच्या दारात किती मेणबत्त्या पेटल्या? वाघावर प्रेम करायचे तर त्याच्या शेजाऱ्याचा वीजपुरवठा कधी येतो हेही माहीत हवे. ज्याला त्याची फिकीर नाही त्याने आपल्या प्रेमाला छंद म्हणावे.

वर्ध्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बोरच्या बफरमधल्या प्रत्येक गावाची ग्रामसभा भरवून सामूहिक वनहक्काचे दावे मागवावेत, आणि गवळ्यांच्या चराईचे दावे म्हाताऱ्यांच्या साक्षीवर निकाली काढावेत. बाहेरचे जनावर या जंगलात सोडायचे असेल तर त्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि कॉलर घातलेल्या जनावराचा ठावठिकाणा रोज संध्याकाळी गावाच्या चावडीवर कळावा. महावितरणने बफरमधल्या शेतीपंपांना रात्रीची पाळी बंद करावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, बहुतेकाला नवा पैसाही लागत नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. बोर तिथून गाडीने दोन तासांवरही नाही. ऊर्जामंत्री आणि वनमंत्री या दोघांनी एका रात्री हुरडा पार्टी सोडून कारंजा तालुक्यात यावे, पोलिसांचा ताफा रस्त्यावर ठेवावा आणि एका कास्तकाराबरोबर हरभऱ्याला पाणी द्यावे. बॅटरी तो देईल. पंप कधी सुरू करायचा, हे त्यांनी स्वतःच्याच खात्याच्या वेळापत्रकात पाहून यावे.